एका टक्क्यात अकरा बुलढाणे

बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडच्या शेतकऱ्याने फोन कधी बदलायचा, हे कोण ठरवतं? तो स्वतः? घरातली पैशाची चणचण? फुटलेली काच?

यातलं कोणीच नाही. ठरवतो एक आकडा. तो एका सॉफ्टवेअर लायब्ररीच्या फाइलमध्ये असतो. शेतकऱ्याने ती फाइल पाहिलेली नसते, त्या लायब्ररीचं नाव ऐकलेलं नसतं. आकडा बदलल्याचं त्याला कळतं ते ॲप उघडेनासं होतं तेव्हा.

हा आकडा कसला? ॲप कोणी शून्यातून लिहीत नाही. सर्व्हरशी बोलणारा कोड एका गटाने लिहिलेला असतो, फोटोचा आकार कमी करणारा दुसऱ्याने, नकाशा दाखवणारा तिसऱ्याने. सगळ्यांनी मिळून वापरायचे हे तयार तुकडे म्हणजे लायब्रऱ्या. प्रत्येक लायब्ररी जाहीर करते की अँड्रॉइडच्या अमुक आवृत्तीपासून पुढेच मी चालेन. तिने ही किमान आवृत्ती वाढवली की तिच्यावर चालणाऱ्या हजारो ॲपना तिच्यामागे जावं लागतं, नाहीतर जुन्या तुकड्यावर अडकून राहावं लागतं.

हा आकडा पुण्यातल्या ॲपवाल्याने ठरवलेला नसतो. मंत्रालयातल्या अधिकाऱ्यानेही ठरवलेला नसतो. दुसरबीडचा फोन तरीही बाद होतो.

जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला तेव्हा दुसरबीडच्या अख्ख्या पंचक्रोशीला कळलं. ॲप बंद पडतं ते एकेकट्याच्या हातात. मोर्चा कोण काढणार?

मग लायब्ररीवाले दोषी? अजिबात नाही.

जुनं सगळं कायम चालवा, असं म्हणणाऱ्यांनी आधी त्यांचं काम पाहावं. प्रत्येक जुन्या आवृत्तीसाठी वेगळी चाचणी, वेगळे अपवाद, वेगळी ठिगळं. जगभर वापरल्या जाणाऱ्या कित्येक लायब्रऱ्या दोन-चार माणसं नोकरी सांभाळून चालवतात. पगार कोणी देत नाही. तक्रार मात्र जगातून कुठूनही येते.

आणि जुन्यात धोका असतो. ओकेएचटीटीपी नावाची लायब्ररी घ्या. स्क्वेअर या अमेरिकी कंपनीने बनवलेली, फोन आणि सर्व्हर यांची देवाणघेवाण करणारी. कितीतरी अँड्रॉइड ॲप तिच्यावर चालतात. २०१९ च्या सुरुवातीला तिच्या ३.१३ या आवृत्तीने जाहीर केलं की यापुढे अँड्रॉइड ५ आणि त्यापुढचेच फोन. कारण साधं होतं. फोन आणि सर्व्हर यांच्यातली माहिती कोणी मधेच वाचू नये म्हणून टीएलएस १.२ ही पद्धत लागते. अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनमध्ये ती आपोआप चालू नसायची. कार्डाच्या व्यवहारांसाठी तर जुनी पद्धत बंद करायची मुदत ३० जून २०१८ लाच संपली होती.

अशा वेळी जुना फोन चालू ठेवणं ही दया म्हणायची का? चोरी झाली तर पैसे त्याच फोनवाल्याचे जाणार.

पण याच लायब्ररीने आणखी एक गोष्ट केली. जुन्या फोनवर चालणारी ३.१२ ही आवृत्ती तिने टाकून दिली नाही. नवं काही मिळणार नाही, पण गंभीर दुरुस्त्या २०२० अखेरपर्यंत देऊ, असं सांगितलं. पुढे ती मुदत २०२१ अखेरपर्यंत वाढवली. तारीख आधी जाहीर, मुदत पुरेशी, कारण लेखी.

सपोर्ट काढायचा तर असा काढावा. आपल्याकडच्या किती कार्यालयांनी हे वाचलंय?

दुसरी बाजूही पाहा. अँड्रॉइडमध्ये मराठी ही फोनची भाषा म्हणून आली ती ५.० मध्ये, नोव्हेंबर २०१४ ला. त्याच्या आधीच्या ४.४ ला, म्हणजे गूगलच्या मूळ किटकॅटला, फोनचा मेनू मराठीत दाखवता येत नव्हता. जुनं ते सगळं जपावं असं म्हणणाऱ्या मराठी माणसाने हे लक्षात ठेवावं. आपली भाषा फोनमध्ये आली ती नव्याचा हात धरून.

तेव्हा जुनं सोडायचं की नाही, हा वादच नाही. कधी सोडायचं आणि कोणाला मोजून सोडायचं, वाद तिथे आहे.

आणि मोजणीतच सगळी गोम आहे.

जुलै २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की किटकॅटवरचे चालू फोन आता एक टक्क्याच्या आत आलेत, म्हणून गूगल प्ले सर्व्हिसेसची अपडेट त्यांना यापुढे मिळणार नाही. एक टक्का! ऐकायला किती थोडं वाटतं.

गुणाकार करू. चालू अँड्रॉइड उपकरणं ३०० कोटींवर गेल्याचं गूगलनेच २०२१ मध्ये सांगितलं होतं. त्याचा एक टक्का तीन कोटी. बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण २५ लाख ८६ हजार होती. म्हणजे एका टक्क्यात अकरा बुलढाणे बसतात, वर थोडी जागा उरते.

"एक टक्क्याच्या आत" म्हटलंय, पुरता एक टक्का नव्हे, असं कोणी म्हणेल. बरं, अर्धा धरा. पाचाहून जास्त जिल्हे तरीही उरतातच. मोताळ्यापासून लोणारपर्यंतच्या अख्ख्या जिल्ह्याला उद्यापासून बँक बंद, असं कोणी जाहीर केलं असतं तर विधानसभा चालू दिली असती का?

शिवाय टक्का सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. कोथरूडमध्ये किटकॅटचे फोन किती निघतील? आणि मेहकर-सिंदखेडराजा पट्ट्यातल्या वस्त्यांवर, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत, शाळेतल्या पोराच्या हातात आलेला आजोबांचा जुना फोन? जगाची सरासरी काढली की हा सगळा पट्टा तिच्यात विरघळून जातो.

त्याहून मोठा घोळ पुढे आहे. गूगलचे हे आवृत्तीनिहाय आकडे येतात कुठून? सात दिवसांच्या काळात ज्या फोनने प्ले स्टोअरला भेट दिली, त्यांच्यावरून. ज्याचा रिचार्ज संपला, ज्याच्या फोनची जागा भरल्यामुळे तो प्ले स्टोअरच्या वाटेला जात नाही, ज्याला ॲप शेजारच्या पोराने दुसऱ्या फोनवरून पाठवून बसवून दिलं, तो त्या सात दिवसांत कुठे होता?

नव्हताच. मोजणीत नाही म्हणजे जगात नाही.

मोजणीचा आणखी एक सापळा आहे. जुनं वापरणारा प्रत्येक जण गरीब असतो, असं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लॉगफोरजे नावाच्या लायब्ररीत भगदाड सापडलं. बँका, सरकारं, बड्या कंपन्या, सगळ्यांची झोप उडाली. दुरुस्ती करत होते प्रामुख्याने स्वयंसेवक. त्यांनी नव्या जावासाठी दुरुस्ती दिली, जावा ७ साठी वेगळी दिली, जावा ६ साठी आणखी वेगळी दिली. जावा ६ आलं होतं २००६ मध्ये. पंधरा वर्षं जुनं सॉफ्टवेअर चालवत बसलेल्यांत पैसेवाले कमी नव्हते. त्यांच्यासाठी फुकट काम करणाऱ्यांनी नाताळची सुट्टी घालवली.

ज्याला परवडतं पण हलायचं नाही, त्याला मुदतवाढ कशाला?

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेने ही चूक करून पाहिली. पायथॉन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं. पायथॉन २ ची अखेर आधी २०१५ ठरली होती, ती २०१४ मध्ये पुढे ढकलून २०२० केली. पाच वर्षं वाढवून मिळाली. शेवटी बऱ्याच मोठ्या लायब्रऱ्यांना एकत्र येऊन लेखी सांगावं लागलं, की २०२० नंतर आम्ही पायथॉन २ चालवणार नाही. त्यातल्याच नमपायने पुढे रोखठोक नियम केला. पायथॉनची कोणतीही आवृत्ती आल्यापासून ४२ महिने सांभाळायची, मग सोडायची. मुलाहिजा नाही, रदबदली नाही, कॅलेंडर बघायचं.

नियम म्हणून उत्तम. पण पायथॉन बदलायला पैसे लागत नाहीत. फोन बदलायला लागतात.

हा फरक कॅलेंडरला कळत नाही. प्रयोगशाळेत बसलेला संशोधक एका संध्याकाळी नवं पायथॉन टाकून घेतो. दुसरबीडच्या शेतमजुराला नवं अँड्रॉइड टाकता येत नाही. त्याच्या फोनला ते येतच नाही. ते देणं फोन बनवणाऱ्या कंपनीच्या हातात असतं, आणि स्वस्त फोनच्या बाबतीत कंपनी विकून मोकळी झालेली असते. पिक्सेल आणि गॅलॅक्सीच्या महागड्या फोनना आता सात वर्षं अपडेट देण्याची वचनं दिली जातात. काही हजारांत येणाऱ्या फोनच्या खोक्यावर अपडेटची मुदत छापलेली कोणी पाहिली आहे?

युरोपने याला उत्तर काढलं. २० जून २०२५ पासून तिथे नियम लागू आहे. फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं त्याला सॉफ्टवेअरच्या अपडेट मिळाल्या पाहिजेत. फोनच्या बाजारात आपण जगातल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. आपण का मागत नाही?

मागितलं की मिळतं, याचा ताजा दाखला आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ जुन्या कॉम्प्युटरवर चढत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी वर्षभर हव्या असतील तर पैसे भरा किंवा मायक्रोसॉफ्टच्या अटी पाळा, असं ठरलं होतं. युरोपातल्या ग्राहक संघटना उठल्या आणि तिथल्या घरगुती ग्राहकांना ते वर्ष फुकट मिळालं. सेतू केंद्राच्या टेबलावरचा दहा वर्षं जुना कॉम्प्युटर तोच, विंडोज तेच. फक्त ग्राहक संघटना उठली नाही.

जिओफोनचं काय झालं आठवतं? जुलै २०१७ मध्ये घोषणा झाली. पंधराशे रुपये अनामत, बाकी फोन फुकट. गावोगाव लोकांनी घेतला, बायकांनी घेतला, म्हाताऱ्यांनी घेतला. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं आणि कितीतरी घरं पहिल्यांदा व्हॉट्सॲपवर आली. जून २०२४ मध्ये त्या फोनच्या स्टोअरमधून व्हॉट्सॲप काढलं गेलं. ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांचंही २०२५ च्या सुरुवातीला बंद झालं. विकताना जाहिराती घरोघर पोचल्या होत्या. बंद होताना कोणी कोणाच्या दारात आलं?

तरीही व्हॉट्सॲपवर माझा मोठा राग नाही. व्हॉट्सॲप खाजगी आहे. नाही चाललं तर फोन करता येतो, एसएमएस करता येतो, एसटीत बसून भेटायला जाता येतं.

राग आहे तो सक्तीवर.

२०२१ च्या खरिपापासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, फोनवर फोटो काढून आपलं पीक सातबाऱ्यावर चढवायचं. कल्पना चांगली आहे, मनापासून सांगतो. तलाठ्याने घरी बसून लिहिलेल्या पिकापेक्षा शेतकऱ्याने काढलेला फोटो कधीही खरा. पण ही नोंद नसेल तर पुढे काय होतं? सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला ५,३२८ रुपये. खरेदी केंद्रावर सातबारा दाखवायचा, त्यावर सोयाबीन दिसलं पाहिजे. अतिवृष्टी झाली, भरपाईची यादी निघाली, पुन्हा तोच सातबारा.

कापसाचंही तेच. भारतीय कापूस महामंडळाने २०२५ च्या हंगामात हमीभावाने विक्रीसाठी कपास किसान ॲपवर नोंदणी मागितली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ८,११० रुपये. ॲप उघडलं नाही तर व्यापारी देईल तो.

रोजगार हमीची हजेरी जानेवारी २०२३ पासून ॲपवर. पोषण आहाराची नोंद ॲपवर. जिथे म्हणून गरिबाचं नाव लिहिलं जातं, तिथे ॲप आहे.

आता सांगा, यातल्या कोणत्या ॲपला अँड्रॉइडची किती नंबरची आवृत्ती लागते, हे कोणत्या शासन निर्णयात वाचलंत? पात्रतेच्या अटींत जमीन आहे, आधार आहे, बँक खातं आहे. फोनचं वय नाही. लिहिलेलं नाही, आणि तरी सगळ्यांत आधी तपासलं जातं ते तेच.

इथे तांत्रिक बारकावा समजून घेतला पाहिजे, कारण लपवाछपवी तिथेच होते. लायब्ररीने जुन्या फोनचा सपोर्ट काढला म्हणजे फोनमधलं जुनं ॲप मरत नाही. ते चालत राहू शकतं. नवी आवृत्ती मिळत नाही, इतकंच. मग बंद पडतं कशाने? सर्व्हरवरून येणाऱ्या त्या एका पडद्याने: अपडेट करा, नाहीतर पुढे जाता येणार नाही. हा पडदा लायब्ररीने लावलेला नसतो. खात्याने लावलेला असतो. दुकानदाराने नवा माल ठेवणं बंद केलं आणि घरात शिरून जुना उचलून नेला, या दोन गोष्टी एक नव्हेत.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी अधिकारी म्हणाला की तांत्रिक कारणामुळे जुन्या फोनवर चालत नाही, तर विचारा. लायब्ररीमुळे, की तुमच्या पडद्यामुळे?

अंगणवाडी सेविकांनी असाच जाब रस्त्यावर येऊन विचारला होता. २ जीबी रॅमचे सरकारी फोन त्यांना दिलेले. पोषण आहाराच्या नोंदीचं पोषण ट्रॅकर आलं, ॲप फुगत गेलं, फोन अडखळायला लागले, तापायला लागले. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी. वर ॲप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत नेऊन दिले. हजारो फोन, प्रकल्प कार्यालयांच्या टेबलांवर.

सॉफ्टवेअरच्या जगात याला यूजर फीडबॅक म्हणतात. आपल्याकडे याला कामबंद म्हटलं गेलं.

आणि धडा काय घेतला? १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. चेहरा ओळखायला आणखी जड ॲप, आणखी चांगला कॅमेरा, आणखी नेट. गरोदर बाई दारात उभी, सेविका फोन हलवतेय, पडद्यावर गोल फिरतंय. त्या बाईच्या भुकेला किमान कोणती आवृत्ती लागते?

सक्ती करणाऱ्याने फोन द्यावा. फोन द्यायचा नसेल तर सक्ती करू नये. यात न कळण्यासारखं काय आहे?

सेतू केंद्रवाल्यांचंही ऐका. बोटांचे ठसे घेणारी जुनी यंत्रं बाद झाली, नव्या दर्जाची घ्या, असा हुकूम आला. सुरक्षेचं कारण खरं होतं. जुन्या यंत्रांतून ठशांची चोरी करणं सोपं होतं. पण जुनं यंत्र केंद्रवाल्याने स्वतःच्या पैशाने घेतलं होतं आणि नवंही त्यालाच घ्यावं लागलं. सुरक्षा देशाची, पावती दुसरबीडच्या पोराच्या नावावर.

चांगलं होऊ शकतं का? होऊ शकतं. झालेलं आहे.

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था जगातल्या कोट्यवधी वेबसाइटना फुकट सुरक्षा प्रमाणपत्रं देते. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या लक्षात आलं की त्यांचं नवं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचे फोन ओळखत नाहीत. जुनी सोय २०२१ मध्ये संपणार होती. असे फोन किती? ३३.८ टक्के. म्हणजे तीनातल्या एका फोनवर वेबसाइट उघडताना धोक्याची सूचना दिसली असती. संस्थेने हे दडवलं नाही. आकडा छापला, तारीख छापली, तात्पुरता उपाय म्हणून फायरफॉक्स वापरा असंही सांगितलं.

आणि मग दीड महिन्यात मार्ग शोधला. दुसऱ्या एका प्रमाणपत्र संस्थेशी करार करून जुन्या फोनना आणखी तीन वर्षं चालेल अशी व्यवस्था केली. २०२३ च्या मध्यात त्यांनी पुन्हा मोजलं. नवं प्रमाणपत्र ओळखणारे फोन ६६ टक्क्यांवरून ९३.९ टक्क्यांवर गेले होते. मग सोय काढायची तारीख जाहीर झाली: ३० सप्टेंबर २०२४.

तीन वर्षं थांबले. तेवढ्यात लोकांचे फोन त्यांच्या त्यांच्या गतीने फुटले, हरवले, बदलले. कोणावर सक्ती झाली नाही. थांबण्याचा खर्च एका करारापुरता. न थांबण्याचा खर्च जगभरच्या गरिबांनी भरला असता.

आपल्याकडे अक्कल कमी आहे असं नाही. ई-पीक पाहणीतच एक शहाणपणाची सोय आहे. एका फोनवरून अनेक शेतकऱ्यांची नोंद करता येते. ज्याचा फोन चालत नाही त्याचं पीक शेजाऱ्याच्या फोनवरून चढतं. शिवाय राहिलेल्या गटांसाठी गावात सहायक नेमतात. ज्याने कोणी हे सुचवलं त्याला शेत माहीत आहे. हीच सोय कपास किसानला, हजेरीच्या ॲपला, पुढे येणाऱ्या प्रत्येक ॲपला पहिल्या दिवसापासून का नसावी? ओरड झाल्यावरच का सुचावी?

आणि प्रत्येक गोष्टीला ॲपच कशाला? नाव, गट नंबर, पिकाचं नाव आणि एक फोटो. साध्या वेब पानावर हे भरता येतं. हलकं पान जुन्या ब्राउझरवरही चालतं, प्ले स्टोअर मधे येत नाही, किमान आवृत्तीची अट फार खाली राहते. पण वेब पानाचं उद्घाटन होत नाही. ॲपचं होतं.

कोणी म्हणेल, हे सगळं किटकॅटपुरतं. ते फोन आता राहिलेत किती? मुद्दा किटकॅटचा नाहीच. आकडा दर वर्षी वर सरकतोय. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५ मागितलं. २०२५ मध्ये गूगलच्या अँड्रॉइडएक्स या मूळ लायब्ररी-संचाने किमान आवृत्ती ५ वरून ६ वर नेली. त्याच वर्षी क्रोमने १३९ व्या आवृत्तीपासून थेट अँड्रॉइड १० मागितलं. अँड्रॉइड ९ चा फोन आज दुसरबीडमध्ये जुना म्हणतील? चांगला चालतोय, बॅटरी दिवसभर टिकतेय, काचेला तडाही नाही.

तोही रांगेत उभा आहे. त्याला माहीत नाही.

हिंजवडीत बसून हा आकडा बदलणाऱ्या पोरांत बुलढाण्याची पोरं आहेत. शेगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून शिकून गेलेली आहेत. त्यांना दोष देत नाही, त्यांना एवढंच सांगतो: फाइलमधला आकडा वाढवण्याआधी घरी फोन लावा आणि वडिलांच्या फोनवर अँड्रॉइड कितीचं आहे ते विचारा. त्यानंतरही वाढवावाच लागला तर वाढवा. पण तारीख वर्षभर आधी लिहा, जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या किती दिवस देणार तेही लिहा. तुमच्या कंपनीत हे मांडलं तर हसणारे निघतील. हसू द्या.

खात्यांना मात्र सांगायचं नाही, मागायचं आहे.

ॲप प्रत्येक वेळी सर्व्हरशी बोलतं. फोनमध्ये अँड्रॉइडची कोणती आवृत्ती आहे, हे सोबत पाठवायला कोडच्या एक-दोन ओळी लागतात. गट नंबर आणि गाव सर्व्हरकडे आधीच आहे. म्हणजे जगाच्या टक्केवारीवर विसंबायची गरज नाही. कोणत्या तालुक्यात, कोणत्या गावात किती फोन मागे राहिलेत, किती शेतकऱ्यांनी स्वतःच्या फोनवरून नोंद केली आणि किती जणांची शेजाऱ्याच्या फोनवरून झाली, हे राज्य सरकार काही दिवसांत काढू शकतं.

मग काढा. ई-पीक पाहणीची पुढची नवी आवृत्ती सक्तीची करण्याआधी हा तक्ता महसूल खात्याने जाहीर करावा, तालुकानिहाय. ज्या गावात अडलेले फोन जास्त, तिथे सहायक आधी पोचावा. सिंदखेडराजा तालुक्याचा आकडा हाती आला तर याच सदरात छापतो, दुसरबीडचा वेगळा काढून.